नावाडी गेला

“मोठा आ करा. अजून थोडा. हं, अस्सा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आरसा, चिमटा, थुंकी ओढणारी नळी असा सगळा संसार त्याच्या तोंडात मांडून झाल्यावर, हा माणूस आता पळून जाऊ शकत नाही अशी खात्री करून घेत त्यांनी विचारलं, “आता मला एक सांगा, नावाडी परत कधी येतोय?”

तो घशातून ‘आँ’ असं काहीतरी म्हणाला. वाचक भेटावा, त्याने खुर्चीच्या टोकाशी येऊन आपल्याला काही विचारावं, आपण जरा हनुवटी चोळून उत्तर द्यावं, हे चित्र त्याने मनातल्या मनात अनेकदा रंगवलं होतं; पण वाचकाच्या हातात दात कोरायचं यंत्र आणि आपल्या तोंडात नळी, हा तपशील त्या चित्रात कधीच नव्हता. डॉक्टरबाईंना मात्र उत्तराची घाई नव्हती. “तिसऱ्या भागात गेला,” त्या म्हणाल्या, “चौथ्यात आला नाही. मी म्हटलं, लेखक पक्का आहे, शेवटच्या भागासाठी राखून ठेवला असणार. आमच्या नर्सशी पैज लागलीय माझी, ती म्हणते विसरला असेल. येणार ना? बोलू नका, जीभ हलवू नका. येणार असेल तर डोळे मिटा.” नेमकं त्याच क्षणी यंत्र दाढेला लागलं आणि त्याने डोळे गच्च मिटले. “बघ!” डॉक्टरबाई नर्सला म्हणाल्या, आणि पुढचा सगळा वेळ त्या इतक्या खुशीत गुणगुणत होत्या की त्यांच्या हाताखाली दाढसुद्धा कमी दुखली.

जिना उतरून रस्त्यावर आला तेव्हा बधिर करायच्या सुईने त्याचा खालचा ओठ अर्धा नाहीसा झाला होता. बोटाने चाचपला की लागायचा, पण तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं वाटायचं. समोर फुलवाला पाणी मारत होता, एक बाई सायकलला कुलूप लावत होती, बेकरीच्या दाराशी पाव भाजल्याचा वास उभा होता, सगळं जागच्या जागी होतं. आणि या सगळ्यातून चालताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की नावाडी तर मेलाय. त्याने स्वतः मारला होता त्याला. महिनाभर हो-नाही करत, मनावर दगड ठेवून एका रविवारी दुपारी त्याने ते वाक्य लिहिलं होतं: ‘पहाटे नावाडी गेला. वल्ही काठावर आडवी ठेवलेली होती.’ बस, एवढंच. रडारड नाही, भाषण नाही. त्या वाक्याचा त्याला अभिमान होता. इतका, की लिहून झाल्यावर त्याने दोन बशा बिस्किटं खाल्ली होती. आणि आज एक शिकलीसवरलेली, नेहमीची वाचणारी बाई त्याला विचारत होती, कुठे गेलाय, कधी येणार.

गेला. तो चालता चालता थांबला. मागून येणारा माणूस त्याच्यावर आदळता आदळता वाचला आणि पुटपुटत पुढे गेला. खरंच की, ‘गेला’ असंच लिहिलंय आपण. ‘मेला’ कुठे लिहिलंय? त्याला वाटलं होतं, पहाट आहे, आडवी वल्ही आहेत, आदल्या पानावर खोकला आहे, कोणाला कळणार नाही? पण ज्याला कळून घ्यायचं नाही त्याला आपल्या भाषेत केवढी सोय आहे! आपल्याकडे कोणी मरतच नाही. माणसं जातात, वारतात, निवर्ततात, ‘आटोपलं’ म्हणतात, ‘सुटले बिचारे’ म्हणतात. ‘मेला’ हा शब्द आपण डासासाठी, फोनच्या बॅटरीसाठी आणि ज्याच्यावर फार जीव आहे त्याला शिव्या घालण्यासाठी राखून ठेवलाय. हे सगळं त्याला एखाद्या विनोदासारखं सुचत गेलं आणि तो हसला, पण हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं.

आणि मग, बेकरी ओलांडता ओलांडता, त्याच्या लक्षात आलं की त्याचं काम झालंय. पाचवं पुस्तक अडलं होतं ते इथेच. आठ महिने झाले, दिवेवाली नदीच्या काठावर उभी होती. चार पुस्तकं जी बाई डोंगर चढली, खंदकातून रांगली, राजाशी तावातावाने भांडली, ती आपली दिव्यांची पेटी खांद्यावर घेऊन नदीपाशी आली आणि जी थांबली ती थांबलीच. पलीकडे अंधारात बुडालेलं गाव होतं, दिवे तिकडेच न्यायचे होते. पण त्याने काय वाटेल ते केलं तरी ती पाण्यात पाऊल टाकेना. पूल बांधून पाहिला, तो खोटा वाटला. पाणी आटवून पाहिलं, ते त्याहून खोटं. हल्ली तो लोकांना ‘पुढच्या वर्षी’ म्हणायला लागला होता, आणि अंघोळ करताना, लिफ्टमध्ये, भाजी निवडताना त्याला एक भीती शिवून जायची की आपलं संपलं बहुतेक. चार पुस्तकांचा माणूस होतो, पाचवं आपल्यात नाहीच. ही भीती त्याने कोणालाच सांगितली नव्हती. पण नावाडी जर नुसताच गेला असेल, तर तो परत येईल! दिवेवाली नावेत बसेल, पलीकडे जाईल, पुस्तक संपेल, डॉक्टरबाई पैज जिंकतील. तो घराकडे जवळजवळ पळतच निघाला.

पोट भरायला तो एका लिफ्टच्या कंपनीत सूचना लिहायचा. ‘लिफ्ट अडकल्यास घाबरू नये’ हे त्याचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं वाक्य, आणि वाचक ते फार मन लावून वाचतात असं तो अभिमानाने सांगायचा. उरलेल्या वेळात तो लांबचा होता. लांब हे त्याच्या पुस्तकांतल्या देशाचं नाव. त्या देशाचे नकाशे न्हाणीघराच्या दारावर चिकटवलेले असायचे, छापून आलेल्या प्रतींची खोकी जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे जेवण कायम मांडीवर. प्रकाशक तोच, हमालही तोच. संगणकावर पानं लावणं आणि मुखपृष्ठ काढणं बायकोकडे, पार्सलं बांधणं दोघांकडे. लिहायला मात्र तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचा, जिथे नाणं टाकून आपले कपडे आपणच धुवायचे. कारण त्याला एक खोड होती: प्रत्येक वाक्य आधी तोंडातून काढायचं. ओठांनी म्हणून पाहिल्याशिवाय एक शब्द कागदावर जायचा नाही. घरी अशी पुटपुट सुरू झाली की बायको दुसऱ्या खोलीतून ‘काय म्हणालास?’ विचारायची. यंत्रांच्या घरघरीत ते कोणाला ऐकू जायचं नाही. फार तर शेजारचा माणूस हळूच एक खुर्ची सोडून बसायचा. धुवायला काही नसलं तर तो कपाटातले स्वच्छ कपडे उचलून न्यायचा. “चौथ्या भागात माझ्या निळ्या झग्याचा पांढरा झाला,” असं बायको आल्यागेल्याला सांगायची.

दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, “काय म्हणाल्या डॉक्टर?”

“नाआडी,” तो म्हणाला.

“नाडी? दाताच्या डॉक्टरने नाडी कशाला बघितली?”

“नाडी नाही! नाआडी! नाएतला!” त्याने हातांनी वल्ही मारून दाखवली. ती पडद्यावर मुखपृष्ठाचा रंग जुळवत होती; तिने चष्मा डोक्यावर सरकवला, त्याच्या वाकड्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसली. मग कागद पुढे ढकलला. त्याने भराभर सगळं लिहून दिलं. वाचता वाचता तिचं हसू मावळलं.

“हे बघ,” ती म्हणाली, “आपलं ठरलंय. मेलेलं माणूस परत आणायचं नाही. पहिल्या भागात सेनापती मारलास आणि दुसऱ्यात त्याला जेवायला बसवलंस, त्यावरून लोकांनी काय काय ऐकवलं आठवतंय ना? मेला तो मेला. नाहीतर पानं दुसऱ्या कोणाकडून लावून घे.”

‘कुठे लिहिलंय मेला म्हणून?’ त्याने कागदावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

“कुठे म्हणजे? मी रडलेय त्या पानावर! अक्षरं दिसेनात म्हणून अर्धा दिवस काम बंद ठेवलं होतं.” ती तरातरा उठली, खोक्यातून तिसरा भाग काढला, पान काढलं, बोट ठेवून वाचलं. मागचं पान वाचलं, पुढचं वाचलं. उभ्या उभ्या एक अख्खं प्रकरण वाचलं. तिच्या चेहऱ्यावर एखादी वस्तू नक्की याच फडताळात ठेवली होती असं शोधणाऱ्या माणसाचा भाव आला. “अरे, खरंच नाही लिहिलेलं,” ती शेवटी म्हणाली. “मग मी रडले कशासाठी?” आणि त्याने खांदे उडवल्यावर चिडून, “तुझ्या मनात काय होतं ते तरी सांग. मेला होता ना तो?”

त्याला ‘मेला’ म्हणायचं होतं. पण ‘म’ला दोन ओठ लागतात, आणि त्याच्याकडे त्या दिवशी दीडच होते. “एला,” तो म्हणाला. पुन्हा प्रयत्न केला, “एला.” मग सहज म्हणून पाहिलं, “गेला.” ते अगदी स्वच्छ आलं, ‘ग’ला ओठांची गरजच नसते. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “बरं, लिहून तर बघ. वाईट झालं तर मी सांगेनच,” आणि धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायला म्हणून त्याच्या हातात दिल्या.

लाँड्रीत दुपारची सामसूम होती. चादरी यंत्रात फिरायला लागल्या आणि तो नेहमीच्या जागी, खिडकीला पाठ करून बसला. नावाडी आला. धुक्यातून आला, वल्ह्यांचा आवाज आधी आला, मग नाव, मग तो. त्याने दोर बांधला. दिवेवालीने त्याच्याकडे पाहिलं. आता कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, पण लेखकाच्या ओठांवर वाक्य ठरेना, आणि ओठांवर न ठरलेलं वाक्य लिहायची सवय नाही. तरी त्याने दामटून लिहिलं. ‘मी परत आलो आहे,’ नावाडी म्हणाला. ‘विलंबाबद्दल क्षमस्व.’ तो चमकून थांबला. हा नावाडी बोलत नव्हता, लिफ्टची कंपनी बोलत होती. खोडलं, पुन्हा आणला, पुन्हा त्याने दोर बांधला, आणि पुन्हा तोंड उघडल्यावर सूचनाच बाहेर पडली: प्रवाशांनी मधोमध बसावे. ज्या नावाड्याने तिसऱ्या भागात शिव्या देत, थुंकत, गाणी म्हणत अर्धी नदी गाजवली होती, तो आता एखाद्या खात्याने बदलीवर पाठवलेल्या माणसासारखा कोरा चेहरा करून उभा होता. यंत्रातल्या चादरी गोल फिरत होत्या, आणि त्यांच्याकडे बघता बघता त्याला शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला.

तो वास काकांचा होता. काका त्यांच्याच घरी राहायचे आणि घरोघर, गावोगाव शिवणयंत्रं दुरुस्त करत हिंडायचे. चार दिवस जायचे, परत यायचे, आणि येताना प्रत्येक घराची एक गोष्ट आणायचे: कोणाच्या यंत्रात उंदराने संसार मांडला होता, कोणत्या म्हातारीने यंत्राला नाव ठेवलं होतं. त्यामुळे ‘काका गेले’ हे घरातलं रोजचं वाक्य होतं. एकदा फोन वाजला, आईने तो घेतला, खाली ठेवला आणि बाबांना म्हणाली, “भाऊजी गेले.” तो जमिनीवर खेळत होता. त्याने विचारलं, “कुठे?” आई जरा थांबून म्हणाली, “लांब.” त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. फक्त एक गोष्ट खटकली, की काकांची पिशवी दारामागे तशीच होती. स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची बुदली, सगळं. पिशवी न घेता काका कसे गेले? त्यावर त्याने बराच विचार केला आणि उत्तर काढलं: लांबमध्ये शिवणयंत्रंच नसणार. तिथली माणसं कपडे शिवत नसणार, पानं चिकटवत असतील. मग पानं वाळली की काय करतात? नदीत बुडवत असतील. म्हणजे तिथे नदी आहे. असा एकेक प्रश्न सोडवत सोडवत त्याने तो देश वसवला. खूप नंतर, शेजारच्या एका बाईने जिन्यात त्याचा गाल ओढून “तुझे काका वारले तेव्हा तू केवढासा होतास” म्हटलं, आणि त्याने शाळेच्या कोशात ‘वारणे’ पाहिलं. तिथे आधी ‘दूर करणे’ होतं आणि मग दुसरा अर्थ होता. त्याला आठवलं, तो तेव्हा रडला नव्हता; कोशाचं पान उघडं ठेवून तो विचार करत बसला होता की आता नदीचं काय करायचं.

पिळलेल्या चादरी घेऊन तो घरी आला तेव्हा संध्याकाळचं ऊन खोक्यांवर पडलं होतं आणि ओठाला मुंग्या येत होत्या. त्याने पानं बायकोपुढे ठेवली. ती ‘प्रवाशांनी मधोमध बसावे’पर्यंत आली आणि काही न बोलता पानं परत दिली, आणि हे तिचं सगळ्यात कडक मत असतं हे त्याला माहीत होतं.  म्हणजे हीही वाट बंद झाली, दिवेवाली तिथेच राहणार, आणि आपण लिफ्टच्या सूचना लिहीत निवृत्त होणार. एवढ्यात फोन वाजला. आईचा होता, दाढेची चौकशी करायला.

“दुखतंय का रे? मीठ घालून गुळण्या कर. बोलता येतंय की नाही?”

“थोडंथोडं.”

“मग मीच बोलते. पुस्तक कुठवर आलं?” आई आता फार थकली होती, भिंग घेऊन वाचायची, पण त्याची चारही पुस्तकं तिने दोनदोनदा वाचली होती. “दिवेवाली अजून काठावरच?”

“काठावरच,” तो म्हणाला. आणि मग, तोंड वाकडंतिकडं करत, अर्धी अक्षरं गिळत, त्याने तिला सगळं सांगितलं: डॉक्टरबाई, डोळे मिटणं, दुपारी आणलेला नावाडी आणि त्याची ती क्षमस्वची भाषा. आई खुदखुदत ऐकत होती. तिचं हसणं थांबेपर्यंत तो थांबला आणि जे विचारायचं त्याने आजवर टाळलं होतं ते विचारलं. “आई, काकांचं तेव्हा सरळ का नाही सांगितलंस?”

 आई म्हणाली, “सांगणारच होते. रात्रभर ठरवलं होतं, सकाळी उठल्यावर जवळ घेऊन सांगायचं. तर सकाळी तूच माझ्यामागे स्वयंपाकघरात आलास आणि मला सांगायला लागलास, काका तिकडे काय करतात. पानांचे कपडे काय, ती नदी काय. म्हटलं, आजचं ऐकून घेऊ, उद्या सांगू. उद्या तुझं पुढचं तयार. मग परवा. घरात बाकी कोणी त्यांचं नावसुद्धा काढत नव्हतं रे. तुझे बाबा तर तोंडच मिटून बसले होते. तू बोलत होतास तेवढा वेळ मला ते कुठेतरी आहेत असं वाटायचं. चुकलंच माझं. पण तू सांगायचास फार छान.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते येऊ दिलं. एवढी वर्षं त्याला वाटत होतं की आपण एका गैरसमजातून लेखक झालो, आणि तो गैरसमज एकट्याचा होता. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून कोणीतरी रोज पुढचा भाग ऐकायला थांबत होतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याने ओठ एकावर एक दाबून पाहिले. ते मिटले.

“आई,” तो म्हणाला, “नावाडी मेला.”

शब्द पूर्ण आला, ‘म’सकट. बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“हो रे,” आई शांतपणे म्हणाली. “मला वाचल्या वाचल्या कळलं होतं. पण तिला कोणी सांगितलं का?”

“कोणाला?”

“दिवेवालीला. ती त्याचीच वाट बघत उभी असेल ना बिचारी. तुला माहीत, मला माहीत, सूनबाईला माहीत. तिला कोण सांगणार?”

 आठ महिने त्याने तिच्यापुढे पूल टाकले, नदी आटवली, धुक्यातून माणूस उठवून आणला. आणि ती हटवादी आहे, ती अडून बसली आहे म्हणून तिच्यावर चिडचिड केली. तिला कोणी साधं सांगितलंच नव्हतं. आईने “गुळण्या विसरू नकोस” म्हणून फोन ठेवला, तेव्हा बायकोने टेबलावरची दोन खोकी उचलून जमिनीवर ठेवली होती आणि एक खुर्ची ओढली होती. लाँड्रीत जायला त्याला सुचलंच नाही. त्याने कागद घेतला आणि भर घरात, मोठ्याने पुटपुटायला लागला, आणि आज बायकोने ‘काय म्हणालास’ विचारलं नाही.

आधी त्याने दिवेवालीला खाली बसवलं. मग काठावरच्या म्हाताऱ्या धोबिणीला तिच्याजवळ पाठवलं, आणि धोबिणीने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, ‘पोरी, नावाडी मेला गं. वल्ही काठावर आडवी ठेवली ना, त्याच पहाटे. तू झोपली होतीस, आमच्याच्याने उठवलं गेलं नाही.’ दिवेवाली रडली. त्याने तिला हवं तेवढं रडू दिलं, दीड पान दिलं, त्यात एकही उपमा घातली नाही. मग ती उठली, नाक पुसलं, धोबिणीला म्हणाली, ‘आधी सांगायचं होतंत,’ आणि काठाशी बांधून ठेवलेल्या त्याच्या नावेत पेटी ठेवून स्वतः वल्ह्यांशी बसली. वल्ही कशी धरतात हे तिला ठाऊक नव्हतं. नाव जागच्या जागी गोल फिरली, एकदा काठावर आपटली, धोबीण किनाऱ्यावरून उलटसुलट ओरडून शिकवायला लागली, आणि दिवेवालीने दात-ओठ खाऊन नावाड्याची ठेवणीतली शिवी हासडली आणि वल्हं पाण्यात घुसवलं. ते वाक्य म्हणता म्हणताच तो मोठ्याने हसला, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी.

“काय झालं रे?” बायकोने विचारलं.

“निघाली,” तो म्हणाला.